पुरुषावर झालेला लैंगिक अत्याचार: एन.सी.वर थांबू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातला १९ वर्षांचा तरुण टोळीबरोबर ऊसतोडीला गेला होता. कारखान्याच्या तळावर रात्री दोघांनी त्याला कोपीतून (मजुरांच्या पाचटाच्या झोपडीतून) उठवून उसाच्या फडात नेलं, कोयत्याचा धाक दाखवून जबरदस्ती केली आणि मोबाईलवर चित्रण केलं. याला तीन आठवडे झाले. तिकडच्या ठाण्यात 'मारहाण व शिवीगाळ' अशी एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून त्याच्या हातात कागद दिला. तो आता गावी आलाय. जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. त्याचा चुलतभाऊ विचारतोय: पोरीवर झालं असतं तर पोलीस रात्रीत धावले असते, पोरासाठी कायदाच नाही का? आणि आता काय करता येईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कटू आहे. १८ वर्षांखालच्या मुलासाठी कायदा मुलीइतकाच कडक आहे. पण १८ पूर्ण झालेल्या पुरुषासाठी बलात्काराचं कलमच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये पीडित म्हणजे फक्त स्त्री. जुन्या दंड संहितेत कलम ३७७ होतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यातून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, आणि ते योग्यच झालं. जबरदस्तीचा भाग मात्र न्यायालयाने शाबूत ठेवला होता. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली तेव्हा ३७७ पूर्णच गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही. गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीने २०२३ च्या अखेरीस जबरदस्तीपुरतं हे कलम ठेवा असं सुचवलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राला यावर शक्यतो सहा महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, हे संसदेचं काम आहे, असं सांगून याचिका ऐकायला नकार दिला.

एक गोष्ट फार बोचते. याच संहितेचं कलम ३८ सांगतं की 'अनैसर्गिक वासना' भागवण्याच्या इराद्याने कुणी हल्ला केला, तर स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. म्हणजे हा हल्ला किती भयंकर असतो हे कायद्याला ठाऊक आहे. पण ज्याला प्रतिकार जमला नाही, जो कोयत्याखाली गप्प पडून राहिला, त्याच्यासाठी त्या हल्ल्याला नावसुद्धा नाही.

म्हणून पहिलं काम कलम शोधण्याचं. एन.सी. कशी झाली ते समजून घ्या. साधी दुखापत म्हणजे कलम ११५(२), धमकी म्हणजे ३५१, शिवीगाळ म्हणजे ३५२. ही सगळी अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाणे अंमलदाराने 'मारलं, धमकावलं' एवढंच लिहून घेतलं की कागद आपोआप एन.सी.च्या रजिस्टरात जातो आणि तपास होतच नाही. आता घटनेकडे परत बघा. मुलगा कोपीत झोपला होता. तिथून त्याला फडात नेलं. बळजबरीने किंवा फसवून एखाद्याला एका जागेवरून दुसरीकडे जायला लावणं म्हणजे अपहरण, ही कलम १३८ ची व्याख्या आहे. हात धरून ओढलं असेल तरी चालतं, 'मुकादमाने बोलावलंय' असं खोटं सांगून नेलं असेल तरी चालतं. आणि कुणाच्या 'अनैसर्गिक वासने'ला बळी पाडण्यासाठी केलेलं अपहरण हे कलम १४०(४) आहे. शिक्षा १० वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. ३७७ गेलं तरी हे कलम संहितेत टिकून आहे आणि ते 'कोणत्याही व्यक्तीला' लागू आहे, पुरुषालाही. फिर्यादीत कोपी ते फड हे अंतर आलं नाही तर हे कलम लागत नाही. तुमच्या भावाच्या एन.सी.त ते आलेलं नसणार.

कोयता वापरल्याने किंचितही जखम झाली असेल तर घातक हत्याराने दुखापत, कलम ११८(१). रात्रभर अडवून ठेवलं असेल तर १२७. दारूतून, चहातून गुंगीचं काही दिलं असेल तर १२३. चित्रफीत दाखवून पैसे मागितले तर ३०८. ही सगळी दखलपात्र आहेत. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामाची पद्धत ठरवणाऱ्या नव्या कायद्याच्या) कलम १७४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. एक खरं कलम बाकीच्यांना ओढून नेतं.

आणखी एक वाट डॉक्टरांच्या कागदातून जाते. १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा माणूस रोजची कामं करू शकला नाही, तर ती 'गंभीर दुखापत' होते. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते, नव्यात कलम ११६ ने १५ केले. गंभीर दुखापतीला कलम ११७(२) प्रमाणे ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तीही दखलपात्र आहे. तीन आठवडे तुमचा भाऊ नीट बसू शकत नसेल, संडासला रक्त जात असेल, कामावर गेला नसेल, तर आजच जिल्हा रुग्णालयात दाखवून ते केसपेपरवर तारखेसह लिहून घ्या. 'अंगदुखी' असं लिहून दिलं तर त्याचा उपयोग नाही. कुठली जागा, किती दिवस, काय करता येत नाही, हे लिहिलेलं पाहिजे.

मुदतीकडेही लक्ष ठेवा. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घटनेपासून एक वर्षातच घेतं, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची तीन वर्षांत. प्रकरण नुसत्या ११५(२) वर राहिलं तर वर्षभराने ते आपोआप मरतं. १४०(४) किंवा ११७(२) ला असं बंधन नाही.

जे वाचक जुन्या घटनेबद्दल विचारतील त्यांच्यासाठी: कुठलं कलम लागेल हे घटनेच्या तारखेवर ठरतं, तक्रारीच्या तारखेवर नाही. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जबरदस्तीसाठी ३७७ आजही लागतं. त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत, म्हणून मुदतीची अडचण नाही. 'ते कलम रद्द झालं' असं ठाण्यात सांगितलं तर ऐकून परत येऊ नका. घटनेच्या वेळी मुलगा १८ च्या आत असेल आणि घटना १४ नोव्हेंबर २०१२ नंतरची असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) लागतो, मग आज तो तिशीत का असेना.

वयाचं आपल्याकडे वेगळंच दुखणं आहे. मराठवाड्यात निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे तारीख टाकलेली असते. १८ च्या उंबरठ्यावर सहा महिन्यांचा फरक म्हणजे एका बाजूला किमान १० वर्षांची शिक्षा आणि दुसऱ्या बाजूला एन.सी. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ ने क्रम लावून दिलाय: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. नुसती टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पी. युवाप्रकाश खटल्यात टीसी या यादीत बसत नसल्याचं सांगितलं. म्हणून शाळेतून जन्मतारखेचा दाखला काढा आणि ग्रामपंचायतीत जन्मनोंद आहे का तेही बघा. तुमचा भाऊ १९ चा आहे हे कुणी सांगितलं, कागदाने की घरच्या अंदाजाने, हे आधी तपासा. वयाचा वाद ठाणे अंमलदाराने मिटवायचा नसतो, तो विशेष न्यायालयाने ठरवायचा असतो.

आता फिर्याद. गुन्हा सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात घडला असला तरी तुम्हाला परत तिकडे जावं लागत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. इथलं ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तिकडे वर्ग करतं. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात जाण्यापूर्वी घरी बसून भावाच्या शब्दांत दोन पानं लिहून काढा. त्यात हे पाहिजे: किती वाजले होते, कोपीत आणखी कोण होतं, उठवताना काय म्हणाले, कुठून कुठे नेलं, कुणी काय धरलं होतं, शरीराच्या कुठल्या भागात काय घातलं, रक्त आलं का, चित्रण कुणाच्या मोबाईलवर झालं, सकाळी पहिल्यांदा कुणाला सांगितलं. 'घाण काम केलं', 'अनैसर्गिक कृत्य केलं' एवढ्यावर भागत नाही. तो ज्या शब्दात सांगतो तो शब्द जसाच्या तसा येऊ द्या, मग तो बोलीतला असो की शिवीसारखा वाटो. लाजेने शब्द गाळला की उलटतपासणीत तोच हत्यार होतो: 'हे तर फिर्यादीत नाही, नंतर शिकवलेलं दिसतंय.'

तीन आठवड्यांच्या उशिराचं कारण फिर्यादीतच लिहा. उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) अंगावर होती, चित्रफीत पसरवण्याची धमकी होती, तळावर ओळखीचं कुणी नव्हतं, पहिल्या ठाण्यात एन.सी. करून परत पाठवलं, जे खरं असेल ते. उशीर झाला म्हणून खटला पडत नाही. कारण न सांगितलेला उशीर मात्र पाडतो.

ठाण्याने नाही म्हटलं तर तोंडी भांडू नका. त्याच मजकुराचा अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. तेवढ्यावर काही हललं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यासोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि अधीक्षकांकडे आधी गेल्याचा पुरावा लागतो. बरेच अर्ज केवळ ती पोचपावती नसल्याने फेटाळले जातात. गुन्हा नोंदला आणि कलमं कमी लागली तर पुरवणी जबाब देऊन कलमवाढ मागा. १० वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवण्याचा आग्रह धरा. पुढे मुकादम, टोळी आणि भावकी यांचा दबाव आला तरी तो जबाब जागचा हलत नाही. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

वैद्यकीय बाजू. तुमच्या भावाच्या बाबतीत काही वेळा टळून गेल्यात, पण दुसरं कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी सगळं लिहितो. घटनेनंतर अंघोळ, दात घासणं, कपडे धुणं टाळता आलं तर टाळा. संडासला जाण्यापूर्वी नमुना घेता आला तर उत्तम. पण हे सगळं करून झालं असेल तरीही जा. नमुने ९६ तासांपर्यंत घेतले जातात. ७२ तासांनंतर काही सापडण्याची शक्यता फार घटते. प्रत्येक कपडा सावलीत वाळवून वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, बुरशी येते आणि डाग नासतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर दोन दिवसांत. न धुतलेली चड्डी किंवा अंथरुणाची गोधडी तीन आठवड्यांनीही कामाची असते. अजून कुठे पडली असेल तर हात न लावता पोलिसांना पंचनाम्यात जप्त करायला सांगा.

रुग्णालयात पोलिसांची यादी (तपासणीसाठीचं पत्र) आणली नाही म्हणून तपासणी नाकारता येत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची मार्गदर्शक पद्धत पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी सगळ्यांना लागू आहे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेडचं विष्णुपुरी, किंवा कुठलंही जिल्हा रुग्णालय चालेल. एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद) करा असं स्पष्ट सांगा. गुदद्वाराचे, तोंडाचे बोळे, नखं, सुटे केस, नशेचा संशय असेल तर रक्त आणि लघवी. बोळा हवेवर वाळवूनच सीलबंद व्हायला हवा. ओला बोळा बाटलीत घालून पाठवला की प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुजतो. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत, पण नमुना ठाण्याच्या कपाटात पडून राहिला तर जवळ असून उपयोग नाही. नमुना कुणी, कधी, कुणाला दिला याची सही प्रत्येक टप्प्यावर हवी.

जखम दिसली नाही म्हणजे अत्याचार झाला नाही असं होत नाही. त्या भागातल्या बारीक चिरा काही दिवसांत भरून येतात, आणि भीतीने गोठलेला माणूस प्रतिकार करत नाही. डॉक्टरांनी 'सवयीचा आहे' असा शेरा मारला तर तिथेच हरकत घ्या. त्याला शास्त्रीय आधार नाही आणि न्यायालयात तो मुलाचंच चारित्र्य खराब करायला वापरला जातो.

उपचार पुराव्यापेक्षा आधी. एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस न चुकता घ्याव्या लागतात. धनुर्वाताचं इंजेक्शन, हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. बाटली, काठी असं काही घातलं असेल आणि पोट ताठ झालं, ताप आला, रक्त थांबत नसेल तर आतडं फाटलेलं असू शकतं. एनिमा किंवा जुलाबाचं औषध मुळीच देऊ नका, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. गॅरेजात, कारखान्यात 'चेष्टा' म्हणून कॉम्प्रेसरची हवा सोडतात त्यातही हेच होतं, आणि माणूस मरतो. त्याला चेष्टा म्हणून नोंदवू देऊ नका.

चित्रफितीबद्दल. खात्री व्हावी म्हणून ती भावकीच्या ग्रुपवर किंवा पोलीस पाटलाला पाठवू नका. ज्या मोबाईलवर धमकीचे मेसेज आलेत तो तसाच जपा, काही पुसू नका. न्यायालयात चित्रफीत, मेसेज टिकण्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ई कुणाच्याही खासगी अंगाचं चित्रण संमतीशिवाय केल्यास लागतं, पुरुष असो वा स्त्री, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. ती पसरवली तर ६७ आणि ६७ ए. याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचाच अधिकारी करू शकतो, म्हणून उपनिरीक्षकाने केलेला तपास पुढे अडतो. ते लवकर लक्षात आणून द्या. प्रौढ माणसाची चित्रफीत समाजमाध्यमांवर चढू नये यासाठी 'स्टॉपएनसीआयआय' ही मोफत सोय आहे. चित्रफीत कुठेही अपलोड न करता तिचा अंकीय ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो अडवतात. मुलगा १८ खालचा असेल तर ती चित्रफीत जवळ बाळगणंही गुन्हा होऊ शकतो. ज्या मोबाईलवर आली तो मोबाईलच पोलिसांकडे द्या, प्रत काढू नका.

आता दबाव. टोळी सुटून गाव धरलं की मुकादम उचलीचा हिशेब काढतो. 'एवढे फिरले की मिटवू' असा निरोप येतो, मग बाँडवर तडजोडनामा. उचल हा दिवाणी हिशेब आहे, त्याचा फौजदारी फिर्यादीशी संबंध नाही, आणि तो बोलण्यात मिसळणं हीच धमकी आहे. ते फोन नंबर आणि वेळेसह लिहून ठेवा. साधी दुखापत तडजोडीने मिटवता येते, ११७(२) न्यायालयाच्या परवानगीने. १४०(४) मिटवता येत नाही. पॉक्सोमध्येही तडजोड चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तडजोडीवरून रद्द केलेला असा गुन्हा पुन्हा उभा केला.

मुलग्यांच्या पॉक्सोबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण तिथे कायदा समान आहे आणि तरी वागणूक समान नाही. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात लैंगिक अत्याचार सांगणाऱ्या मुलांमध्ये ५२.९४ टक्के मुलगे होते. हंगामी वसतिगृहं, आश्रमशाळा, लातूरच्या शिकवण्यांच्या खोल्या, आजी-आजोबांकडे ठेवलेली ऊसतोड कुटुंबातली पोरं, सगळीकडे 'पोरगाच आहे, त्याला काय होतंय' असं म्हणून सोडून दिलं जातं. पॉक्सोचं कलम ४ प्रवेशासह अत्याचाराला किमान १० वर्षं सांगतं, मूल १६ खाली असेल तर किमान २०. शाळा किंवा धार्मिक संस्थेतला माणूस, नातेवाईक, टोळीने केलेला, पुन्हा पुन्हा केलेला, किंवा १२ खालच्या मुलावर केलेला अत्याचार असेल तर कलम ६, किमान २०. मुलग्याच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे प्रवेश सांगितलेला असूनही कलम ८ किंवा १२ लावून टाकणं. तिथे शिक्षा अनुक्रमे ३ ते ५ वर्षं आणि ३ वर्षांपर्यंत. जबाब वाचून बघा, कलम बघा, जुळत नसेल तर लेखी सांगा. कपड्यांवरून हात लावला तरी तो अत्याचारच, हे सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी नक्की केलंय. आरोपी बाई असली तरी हा कायदा लागतो.

मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, पोलीस गणवेशात नको, रात्री ठाण्यात ठेवायचं नाही, तपासणीला आई-वडील किंवा विश्वासातलं माणूस सोबत. २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं, समितीने आधारव्यक्ती द्यायची. वसतिगृहाच्या अधीक्षकाने 'संस्थेची बदनामी होईल' म्हणून दाबलं तर कलम २१ प्रमाणे तो स्वतः आरोपी होतो, शिक्षा एक वर्षापर्यंत. करणारा वरच्या वर्गातला १६-१७ वर्षांचा मुलगा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळात जातं, तरी गुन्हा नोंदवावाच लागतो. तो लहान आहे, समज देऊन सोडा, हा निर्णय शाळेचा नाही.

अनुसूचित जाती-जमातीच्या पुरुषाचे कपडे उतरवले, नग्न धिंड काढली तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३(१) पुरुषालाही लागतं. तपास उपअधीक्षकाकडे जातो आणि शासनाचं अर्थसाहाय्य मिळतं. हे फिर्यादीच्या वेळीच मागा, जातीचा दाखला सोबत न्या. कॉलेजातल्या मुलांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम पुरुष विद्यार्थ्यालाही तक्रार करू देतात, तर नोकरीच्या ठिकाणचा २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे. कोठडीत अत्याचार झाला असेल तर पहिल्या रिमांडलाच न्यायदंडाधिकाऱ्यांना तोंडी सांगून वैद्यकीय तपासणी मागायची, तेच सर्वात वजनदार ठरतं.

कायदा कसा असावा याबद्दल माझं मत ठाम आहे. विधी आयोगाने २००० मध्ये १७२ व्या अहवालात आणि न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये पीडित कुणीही असू शकतो हे मान्य करायला सांगितलं होतं. त्या फेब्रुवारीत आलेल्या अध्यादेशात 'व्यक्ती' शब्द आलाही, आणि दोन महिन्यांत झालेल्या कायद्यात पुन्हा 'स्त्री' झाला. अध्यादेशात आरोपीही कुणीही होऊ शकत होतं, त्यामुळे तक्रार करणाऱ्या बाईवरच उलटी केस टाकली जाईल अशी महिला संघटनांची भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती. वर्मा समितीची मांडणी ही अडचण सोडवत होती: पीडित कुणीही, आरोपी पुरुष. तेवढं केलं तर एकाही बाईचं संरक्षण कमी होत नाही आणि फडात नेलेल्या पोराला कलम मिळतं. पुरुषांना न्याय द्या म्हणून बायकांचे कायदे सैल करा असं जे बोलतात ते आपल्या पोरांच्या दुःखावर दुसराच हिशेब चुकता करतायत. तृतीयपंथी व्यक्तींवरच्या लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा आहे, तीही याच दुरुस्तीत सुधारायला हवी.

पैसा आणि वकील. तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, १५१०० वर फोन करूनही सुरुवात होते. मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकी पुरुषांना उत्पन्नाच्या दाखल्यावर. मनोधैर्य योजना स्त्रिया आणि बालकांसाठी आहे, म्हणून १८ खालच्या मुलग्यासाठी जरूर अर्ज करा. पॉक्सोत विशेष न्यायालय खटला संपण्याआधीही अंतरिम भरपाई देऊ शकतं. प्रौढ पुरुषाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खालच्या भरपाईसाठी त्याच प्राधिकरणात जावं लागतं. सोबत एफआयआर, एमएलसी आणि बँक पासबुकाची प्रत जोडा.

शेवटी तुमच्या भावाकडे. तो जेवत नाही, बोलत नाही, हे सगळ्यात आधी बघा, कलमं नंतर. अत्याचाराच्या वेळी शरीराने प्रतिसाद दिला असेल तर तो त्या लाजेने आतून कुजत असेल. ताठरता किंवा वीर्यस्राव ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती भीतीतही होते, त्याचा इच्छेशी संबंध नाही, हे त्याला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. तुम्हीच सांगा. 'तू ओरडला का नाहीस', 'दोघांना भारी पडला असतास' हे घरात कुणीही म्हणायचं नाही, मोठ्यांनाही आधीच बजावून ठेवा. घरात, गोठ्यात फवारणीचं औषध असेल तर ते आज रात्रीच दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा आणि काही दिवस त्याला एकटं झोपू देऊ नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथल्या केसपेपरवर झोप न लागणं, दचकणं, भूक मरणं हे तारखेसह नोंदलं गेलं तर उपचारही होतात आणि तो कागद खटल्यातही कामाला येतो.

त्याच फेरीत एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिसची पहिली तपासणी करून घ्या, हिपॅटायटिसच्या लसीचा पहिला डोस द्या. पुढची तपासणी घटनेपासून तीन महिन्यांनी आणि मग सहा महिन्यांनी. दोन्ही तारखा कॅलेंडरवर मांडून ठेवा आणि त्या दिवशी त्याच्यासोबत तुम्ही जा.